विषय ठरवला वस्तीनं

१९६९च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या राजधानीत उंदरांचं प्रदर्शन भरलं. काचेमागे जिवंत उंदीर होते. भोवती हुबेहूब उभं केलेलं परसदार, त्यात साचलेला कचरा. फलकांवर उंदराचा सगळा इतिहास होता: तो जगभर कसा पसरला, माणसाच्या वस्तीला कसा चिकटला, कोणते रोग घेऊन आला, त्याचा बंदोबस्त कसा करायचा. प्रदर्शनाचं नाव होतं ‘द रॅट : मॅन्स इन्व्हायटेड अफ्लिक्शन’, म्हणजे माणसानं स्वतःच बोलावून आणलेली पीडा.

भरवणारी संस्था होती स्मिथसोनियन. राइट बंधूंचं विमान आणि आपल्या गोवळकोंड्याकडच्या खाणीतून गेलेला होप हिरा जिच्या संग्रहात आहे, तीच. मात्र हे प्रदर्शन तिच्या संगमरवरी इमारतींत नव्हतं. नदीपलीकडच्या अ‍ॅनाकोस्टिया या काळ्या लोकांच्या वस्तीत, एका बंद पडलेल्या सिनेमागृहात तिनं थाटलेल्या छोट्या संग्रहालयात ते मांडलं होतं. विषयही कुणा तज्ज्ञानं सुचवलेला नव्हता. संग्रहालयात रोज येणाऱ्या पोरांच्या बोलण्यातून तो निघाला. त्यांच्या घरांत उंदरांचा सुळसुळाट होता, झोपेत उंदीर चावत होते. मुलांच्या लेखी जगातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो होता आणि संग्रहालयानं तो मुकाट्यानं मान्य केला.

स्थानिक गटांनी संग्रहालयात प्रदर्शनं भरवण्याची चाल आता जगभर रुळली आहे. महिला मंडळांची गोधडी, शाळकरी मुलांची चित्रं, परगावाहून येऊन स्थायिक झालेल्यांच्या आठवणी अशा कितीतरी गोष्टींना संग्रहालयाची एखादी भिंत मिळते. ती मिळते हे चांगलंच आहे. पण भिंत मिळणं वेगळं आणि त्या भिंतीवर काय लागावं हे ठरवण्याचा हक्क मिळणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर अ‍ॅनाकोस्टियाच्या गोष्टीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

नदीपलीकडची वस्ती

अ‍ॅनाकोस्टियाचा इतिहास आधी थोडा सांगायला हवा. १८५४ साली इथे युनियनटाउन नावाची वसाहत आखली गेली. तिच्या खरेदीखतांत कलमच होतं की ही जागा काळ्या माणसाला किंवा आयरिश माणसाला विकायची नाही. यादवी युद्ध संपल्यावर, १८६७ साली फ्रीडमन्स ब्युरो या सरकारी खात्यानं शेजारचीच बॅरी फार्मची ३७५ एकर जमीन विकत घेतली आणि गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना तिचे तुकडे पाडून विकले. दिवसभर शहरात मजुरी करायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतःचं घर बांधायचं, अशी ती वस्ती उभी राहिली.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ साली, स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी युनियनटाउनमधलं टेकडीवरचं घर विकत घेतलं आणि खरेदीखतातलं ते कलम व्यवहारात मोडून काढलं. १८९५ साली मृत्यू येईपर्यंत ते तिथेच राहिले. पुण्यात बसून जोतीराव ज्या लढ्याकडे आशेनं पाहत होते, त्या लढ्याचा एक मोठा नायक याच वस्तीचा रहिवासी होता. म्हणून अ‍ॅनाकोस्टिया हे नाव मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटलं. १९५०च्या दशकात शहराच्या नैर्ऋत्य भागात ‘पुनर्विकास’ झाला, जुन्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या आणि उठवलेली अनेक काळी कुटुंबं नदी ओलांडून इकडे आली. गोरी कुटुंबं हळूहळू उपनगरांकडे सरकली. माणसं वाढली, सोयी वाढल्या नाहीत. मुंबईत संक्रमण शिबिरात आयुष्य काढलेल्यांना यापुढचं सांगावं लागणार नाही.

सिनेमागृहातलं संग्रहालय

स्मिथसोनियनचे त्या वेळचे प्रमुख एस. डिलन रिप्ली यांना एक गोष्ट खटकत होती. प्रवेश फुकट असूनही गरीब वस्त्यांतली माणसं त्यांच्या संग्रहालयांत फिरकत नव्हती. त्या भव्य पायऱ्या आपल्यासाठी आहेत, असं त्यांना वाटतच नव्हतं. माणसं येत नसतील तर संग्रहालयानं त्यांच्या दारी जावं, हा विचार रिप्लींनी १९६६ साली मांडला. वस्तीचा शोध सुरू झाला तेव्हा अ‍ॅनाकोस्टियातल्या ‘ग्रेटर अ‍ॅनाकोस्टिया पीपल्स’ या रहिवाशांच्या संघटनेनं पुढे होऊन सांगितलं, आमच्याकडे या. निकोल्स अ‍ॅव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कार्व्हर थिएटर भाड्यानं घेतलं गेलं. हाच रस्ता पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं ओळखला जाऊ लागला.

संचालक म्हणून निवड झाली जॉन किनार्ड यांची. वय तीस. जन्म वॉशिंग्टनचाच. शिक्षण धर्मशास्त्राचं, व्यवसाय धर्मोपदेशकाचा आणि समाजकार्याचा. आफ्रिकेत जाऊन स्वयंसेवक म्हणून काम केलेलं. संग्रहालयशास्त्राशी संबंध शून्य. ही निवड धाडसाची होती आणि पुढे तीच सगळ्यांत शहाणपणाची ठरली. वस्तूंची जाण असलेली माणसं स्मिथसोनियनकडे भरपूर होती. कोपऱ्यावरच्या पोराशी बोलता येणारा माणूस हवा होता.

१५ सप्टेंबर १९६७ रोजी उद्‍घाटन झालं. रस्त्यावर बँड वाजला, हजारोंची गर्दी लोटली. आत काय होतं, ते जरा जवळून पाहू. अ‍ॅनाकोस्टियात १८९० साली होतं तसं एक दुकान उभं केलं होतं. त्यात टपालाचा कोपरा, पत्र्याची खेळणी, लोणी काढायचं यंत्र, हातानं फिरवायचं आइस्क्रीमचं पात्र, कॉफी दळायची चक्की आणि पाण्याचा हातपंप. यातली प्रत्येक वस्तू मुलांनी चालवून बघायची होती. दुसरीकडे मर्क्युरी या अंतराळयानाची प्रतिकृती होती. तिच्यात शिरून बसायची मुभा होती. हाडांचे सांगाडे सुटे करून ठेवले होते, ते पोरांनी जुळवायचे. एक छोटं प्राणिघर, एक रंगमंच आणि येतील त्या प्रदर्शनांसाठी राखलेली मोकळी जागा. ‘हात लावू नका’ ही पाटी कुठेच नव्हती. आजीच्या काळातलं दुकान आणि आकाशात गेलेलं यान यांना एकाच छपराखाली, एकाच मानानं ठेवलं होतं.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे सगळं स्मिथसोनियननं आणून मांडलं होतं. वस्ती पाहायला आली, रमली, पण मांडणारी अजून झाली नव्हती. ते घडायला उंदरांची वाट पाहावी लागली.

प्रदर्शन कुणाचं?

उंदरांच्या प्रदर्शनानंतर किनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कामाची रीतच बदलली. आधी लोकांशी बोलायचं, मग विषय घ्यायचा. लॉर्टन इथल्या तुरुंगावर त्यांनी प्रदर्शन केलं. अ‍ॅनाकोस्टियातल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी त्या तुरुंगात होतं, पण त्याबद्दल चारचौघांत बोलायची सोय नव्हती. संग्रहालयानं ती करून दिली. १९७२ साली ‘द इव्होल्यूशन ऑफ अ कम्युनिटी’ झालं. त्याच्या एका भागात जुन्या रहिवाशांच्या आठवणींतून वस्तीचा इतिहास उभा केला होता आणि दुसऱ्या भागात रहिवाशांनीच सांगितलेले प्रश्न: गुन्हेगारी, अमली पदार्थ, घरं, बेकारी, शिक्षण. इतिहासाच्या संशोधक लुईस हचिन्सन यांनी याच कामातून पुढे वस्तीचा तीन शतकांचा इतिहास लिहून काढला. ज्या भागाचा उल्लेख वर्तमानपत्रात फक्त गुन्ह्यांच्या बातम्यांत व्हायचा, त्याला आपला म्हणून एक ग्रंथ मिळाला.

चित्रकलाही याच ओघात आली. डी. सी. आर्ट असोसिएशन या स्थानिक कलावंतांच्या संघटनेची प्रदर्शनं इथे भरू लागली. १९७४ साली बार्नेट-एडन संग्रह इथे मांडला गेला. १९४३ साली जेम्स हेरिंग आणि अलोन्झो एडन या दोघांनी वॉशिंग्टनमधल्या एका राहत्या घरात कलादालन सुरू केलं होतं. वंशभेदाच्या त्या काळात काळ्या आणि गोऱ्या चित्रकारांची चित्रं तिथे शेजारीशेजारी लागत. त्या घरातली चित्रं अ‍ॅनाकोस्टियात आली तेव्हा शेजारपाजारच्या माणसांना कळलं की आपल्याच शहरात, आपल्याच लोकांनी केवढं मोठं काम करून ठेवलं आहे.

उंदीर, तुरुंग आणि तैलचित्र एकाच जागी कसे, असा प्रश्न कुणाला पडेल. माझ्या मते यातच त्या संग्रहालयाचा खरा मोठेपणा आहे. वस्तीतल्या माणसाला तिचं दुःख आणि तिची कला अशी दोन वेगळी खाती ठाऊक नसतात. ती खाती बाहेरचा माणूस पाडतो. वस्तीची कला हवी, रंगीत हवी, नाचगाणं हवं. वस्तीची तक्रार मात्र नको. ज्या संस्थेनं आधी तक्रार ऐकून घेतली, तिच्या भिंतीवर लागलेल्या चित्राला मग वेगळं वजन येतं. ते शोभेपुरतं राहत नाही.

किनार्ड हे विचार घेऊन जगभर फिरले. १९७१ साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या फ्रान्समधल्या अधिवेशनात त्यांनी संग्रहालय आणि समाज यांच्या नात्यावर मांडणी केली. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये इको-म्युझियमची, म्हणजे परिसर आणि तिथली माणसं यांनाच संग्रहालय मानण्याची, कल्पना आकार घेत होती. १९७२ साली चिलीतल्या सांतियागोला युनेस्कोनं भरवलेल्या बैठकीत लॅटिन अमेरिकेतल्या संग्रहालयवाल्यांनी समाजाच्या प्रश्नांशी जोडलेल्या संग्रहालयाचा पुरस्कार केला. वारं एकाच दिशेनं वाहत होतं, पण एका गरीब वस्तीत रोज दार उघडून हे काम करून दाखवणाऱ्यांत अ‍ॅनाकोस्टिया अग्रभागी होतं.

१९८७ साली संग्रहालय फोर्ट स्टँटनच्या टेकडीवरच्या नव्या, खास बांधलेल्या इमारतीत गेलं. तापमान नियंत्रित राहू लागलं, वस्तूंची निगा सुधारली. पण हमरस्त्यावरून जाताजाता सहज डोकावणं संपलं. दोन वर्षांनी, १९८९ साली, किनार्ड वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी गेले. संस्था टिकली. तिथे १९९४ साली ‘ब्लॅक मोझेक’ झालं. आफ्रिका, कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या काळ्या स्थलांतरितांवरचं हे प्रदर्शन त्यांच्यातल्याच माणसांना हाताशी धरून, त्यांच्या मुलाखती घेऊन केलं होतं. २०१८ साली ‘अ राइट टू द सिटी’ आलं. पुनर्विकासाशी झुंजलेल्या सहा वस्त्यांची ती कहाणी होती. १९५०च्या दशकात नदीपलीकडे ढकलल्या गेलेल्यांचा प्रश्न अखेर संग्रहालयाच्या मध्यभागी आला.

भायखळ्याच्या मूर्ती

आता आपल्याकडे येऊ. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ही इमारत लोकांसाठी खुली झाली. तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ साली ते बदललं. मालकी महापालिकेची. काळाच्या ओघात तिची रया गेली होती. २००३ ते २००८ या काळात तिचा कायापालट झाला आणि युनेस्कोनंही या कामाचा गौरव केला. आज ती मुंबईतल्या सर्वांत देखण्या वास्तूंपैकी एक आहे.

तिथल्या मातीच्या मूर्ती मला नेहमी थांबवतात. मुंबईतल्या नाना जातीजमातींची आणि धंद्यांची माणसं वीतभर मूर्तींत घडवली आहेत. पगड्यांचे घाट, लुगड्यांच्या नेसणी, हातातली अवजारं, सगळं बारकाईनं केलेलं. कारागिरी अशी की मान आपोआप झुकते. पण काचेपुढे उभं राहिलं की ध्यानात येतं, यातल्या कुणाला नाव नाही. जात आहे, धंदा आहे, पेहराव आहे. माणूस म्हणून ओळख नाही. घडवून घेणाऱ्यांना मुंबईचे नमुने हवे होते, मुंबईकर नव्हे. हा दोष एका संग्रहालयाचा नाही. साम्राज्याच्या काळात उभ्या राहिलेल्या जवळपास प्रत्येक संग्रहालयाची नजर हीच होती. ज्यांच्या मूर्ती झाल्या त्यांची पतवंडं आज त्याच भायखळा, लालबाग, माझगावात राहतात. त्यांनी स्वतःबद्दल काय मांडलं असतं?

याचं एक उत्तर माझ्या मनात नेहमी येतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो मांडवी बंदरालगतच्या गोदामांच्या वस्तीत. हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगवरची लस शोधली ती याच शहरात. दुसऱ्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. उंदरांमुळे पसरलेल्या त्या साथीचा धागा आजपर्यंत आला आहे. मुंबई महापालिकेच्या नोकरीत आजही रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत. हातात टॉर्च आणि काठी घेऊन ते मध्यरात्री बाजारांच्या आणि चाळींच्या मागच्या गल्ल्यांत उंदीर मारत फिरतात. शहर झोपलेलं असताना चालणारं हे काम बहुतेक मुंबईकरांनी पाहिलेलंही नाही. या कामगारांनी पालिकेच्याच संग्रहालयात आपलं प्रदर्शन भरवलं तर? त्यांची काठी, त्यांचा टॉर्च, त्यांनी स्वतः काढलेला गल्ल्यांचा नकाशा, घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टी आणि शेजारी प्लेगच्या काळातली छायाचित्रं. इतिहास, आरोग्य आणि श्रम यांची अशी सांगड दुसरं कुणी घालू शकणार नाही.

मुंबईला हे जमणार नाही असं मुळीच नाही. २०१५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीत तीन आठवडे बिएनाले झाली. ‘स्नेहा’ या आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेनं ती भरवली होती. कलावंत आणि रहिवासी यांनी आधी दीर्घकाळ एकत्र कार्यशाळा घेतल्या. बायकांवर होणाऱ्या हिंसेच्या जागा दाखवणारा नकाशा कापडावर टाक्यांनी शिवला गेला. आरोग्याच्या प्रश्नाला कला भिडली, ती त्या प्रश्नात जगणाऱ्यांच्या हातून. हे सारं धारावीच्याच गल्ल्यांत मांडलं गेलं. आता पुढचं पाऊल शहराच्या संग्रहालयांनी टाकायचं आहे: अशा कामाला दार उघडायचं आणि ते आपल्या कायमच्या संग्रहात घ्यायचं.

भोपाळ आणि मँचेस्टर

भोपाळला श्यामला टेकड्यांवर, मोठ्या तलावाच्या काठी, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचा जवळजवळ दोनशे एकरांचा परिसर आहे. तिथल्या उघड्यावरच्या दालनात देशभरातल्या आदिवासी जमातींची घरं आहेत आणि ती त्या त्या जमातीच्या माणसांनी येऊन स्वतः बांधली आहेत. आपल्याकडच्या वारल्यांचंही घर तिथे आहे. घर कुडाचं, मातीचं म्हटलं की ते दरवर्षी लिंपावं लागतं, छप्पर शाकारावं लागतं. म्हणजे बांधणाऱ्यांशी संबंध एकदा जोडून तोडता येत नाही. शेजारीच २०१३ साली मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय सुरू झालं. त्याची दालनंच आदिवासी कलावंतांनी घडवली आणि तिथे ‘शलाका’ या नावानं एकेका आदिवासी चित्रकाराच्या चित्रांचं प्रदर्शन आणि विक्री होते. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं आणि पैसे त्याच्या हाती पडतात.

दुसरं उदाहरण आपल्या परदेशातल्या आप्तांचं. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी मँचेस्टर म्युझियम नूतनीकरणानंतर उघडलं, त्यात ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्यानं दक्षिण आशियाचं स्वतंत्र, कायमचं दालन झालं. ते रचलं तीस जणांच्या गटानं. शिक्षक, कलावंत, इतिहासकार, पत्रकार, संगीतकार, समाजात काम करणारे. मुळं भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंकेकडची. जुन्या संग्रहातल्या वस्तूंशेजारी त्यांच्या घरच्या आठवणी आल्या. बांगलादेशातून आणलेली सायकलरिक्षा मँचेस्टरकरांनी सजवली. साम्राज्याच्या काळात जमवलेल्या वस्तूंबद्दल, त्या साम्राज्यातून आलेल्यांची नातवंडं बोलू लागली. २०२५ साली युरोपातलं त्या वर्षीचं सर्वोत्तम संग्रहालय म्हणून मँचेस्टरची निवड झाली.

हक्क द्यायचा म्हणजे काय?

या सगळ्या उदाहरणांतून काही गोष्टी अगदी व्यवहाराच्या म्हणून निघतात.

पहिली, विषय ठरवायची बैठक वस्तीत व्हायला हवी, तीही संध्याकाळी, कामावरून माणसं परतल्यावर. सकाळी अकराला संग्रहालयाच्या सभागृहात बोलावलेल्या बैठकीला निवृत्त आणि सुस्थित मंडळीच येतात, आणि मग विषयही त्यांचेच ठरतात. दुसरी, वस्तूखालची पाटी ज्याची वस्तू त्यानं लिहावी, त्याच्या बोलीत लिहावी आणि नाव घालून लिहावी. संपादकानं शुद्धलेखन तपासावं, आशय तपासू नये. तिसरी, कामाचा मोबदला. प्रकाशयोजना करणाऱ्याला पैसे मिळतात, चौकट करणाऱ्या सुताराला मिळतात, मग चित्र काढणाऱ्या, गोधडी शिवणाऱ्या, आठवण सांगणाऱ्या बाईला ‘तुम्हाला संधी मिळाली’ एवढ्यावर का वाटेला लावायचं? चौथी, आणि सगळ्यांत दुर्लक्षित: प्रदर्शन संपल्यावर काय? वस्तू पोत्यात भरून परत गेल्या की संग्रहालयाच्या लेखी ते प्रदर्शन झालंच नाही. एकदोन वस्तू रीतसर नोंद करून संग्रहात घ्याव्यात, मुलाखती जपाव्यात, पुस्तिका छापावी. तरच पन्नास वर्षांनी येणाऱ्या संशोधकाला या माणसांचा पत्ता लागेल.

पाचवी गोष्ट अवघड आहे. वस्तीनं मांडलेला विषय कधीकधी संग्रहालयाच्या मालकालाच बोचेल. पाणी येत नाही, घरं पाडली, कचरा उचलला जात नाही, असं पालिकेच्या इमारतीत पालिकेबद्दल मांडलं जाईल. तिथे जो अधिकारी मागे सरणार नाही, तोच हा प्रयोग खरा करील. स्मिथसोनियनला ते पेललं. आपल्या संस्थांचा कणा त्याहून कच्चा आहे, असं मी मानत नाही.

महाराष्ट्रात संग्रहालयांची उणीव नाही. नागपूरचा अजब बंगला १८६३ सालापासून आहे. औंधचं श्री भवानी संग्रहालय, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा टाउन हॉल अशी कितीतरी नावं घेता येतील. यातल्या प्रत्येकाच्या चालत जाण्याच्या अंतरावर विणकर, कुंभार, तमासगीर, गिरणी कामगारांची मुलं, ऊसतोड कुटुंबं, सफाई कामगार राहतात. वर्षातला एक महिना आणि एक दालन त्यांच्या नावानं राखून ठेवायला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागतो तो ऐकून घेण्याचा धीर आणि ऐकलेलं भिंतीवर लावण्याचं धैर्य. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिका आत्ताच आखल्या जात आहेत. त्यांत हा एक महिना घातला जावा, अशी मागणी आपल्या गावच्या संग्रहालयाकडे प्रत्येकानं करावी. कारण ती इमारत, तिच्यातला हरेक नग आणि तिची प्रत्येक भिंत लोकांच्या पैशातून आणि लोकांच्या आठवणींतून उभी राहिली आहे, आणि तिथे काय लागावं हे सांगणं हा त्यांचा साधा नागरी अधिकार आहे.